नवंकोरं कपाट

पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर होता आणि डॉक्टरांना त्याचा नऊ वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आत्ताच्या आत्ता हवा होता. एवढे जुने रिपोर्ट फक्त कॉम्प्युटरच्या जुन्या टेपांवर साठवलेले होते. हॉस्पिटलचे साहेब धापा टाकत रेकॉर्डरूममध्ये आले. “काका, टेपा सुरक्षित आहेत ना?” “न असायला काय झालं?” टेपा सांभाळणाऱ्या काकांनी दोन कुलपांचं, आगीतही न जळणारं नवंकोरं कपाट उघडलं आणि नेमकी टेप काढली. “मग लावा!” “कशात लावू?” “मशीनमध्ये, आणखी कशात!” काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “साहेब, या कपाटाला जागा हवी म्हणून टेपा वाचायचं मशीन तुम्हीच भंगारात काढलंत. एकुलतं एक आहे, राहू द्या, म्हणून हातापाया पडलो.” तेवढ्यात साहेबांना डॉक्टरांचा फोन आला. “अहो, आता काय सांगू यांना?” काकांनी टेप साहेबांच्या हातावर ठेवली. “सांगा, रिपोर्ट आगीतसुद्धा जळणार नाही.”