काचेतला हात

काचेत सगळं आलं होतं. धातू वितळवायची मूस आली होती, सांडशी आली होती, सांडशीच्या दांड्याला गुंडाळलेली तारसुद्धा आली होती. ओताऱ्याचा हात तेवढा आला नव्हता. हाताच्या जागी हाताच्याच आकाराचं काळं भोक होतं.

ओताऱ्याने मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे. लेझरच्या उजेडात काढलेलं हे चित्र असंच बघायचं असतं, मान हलवली की वस्तूची बाजूही दिसते, हे शिल्पकार बाईंनी त्याला शिकवलं होतं. मुशीची बाजू दिसली. तिच्यामागे लपलेली सांडशीची कडी दिसली. भोक मात्र कुठूनही बघा, भोकच.

"जे हलतं ते यात उमटत नाही, काका," बाई म्हणाल्या. "केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढं हललं तरी नाही."

बाई चांगल्याच खुशीत होत्या. त्या खुश का, हे विचारायचं भान त्याला राहिलं नाही. वाळूने भरलेल्या टेबलावर वीस सेकंद हात टेकवून तो श्वास रोखून बसला होता. हात तसूभर हलला नाही, असं त्याने कुणाच्याही शपथेवर सांगितलं असतं. आता ही काच ब्राँझच्या चौकटीत बसणार होती आणि ती चौकट त्यालाच ओतायची होती.

गेली तीन वर्षं बायको त्याच्या मागे लागली होती. मुलगा तयार झालाय, आता पुरे, म्हणायची. तिचं खोटं नव्हतं. गुडघे कामातून गेले होते. एक ओत झाली की तो पालथ्या बादलीवर अर्धा अर्धा तास बसून राही आणि साचा निवतोय का बघतोय म्हणून सांगे. पण बायकोला त्याचं उत्तर ठरलेलं होतं: ज्या दिवशी हात हलेल, त्या दिवशी सांडशी खाली ठेवीन. हे त्याने मुलासमोर सांगितलं होतं, व्याह्यांसमोर सांगितलं होतं, एकदा तर भर लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं. आता शब्द गिळायची सोय राहिली नव्हती.

घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, हात हलला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. बरं, एवढंच म्हणाली. तीन वर्षं भांडून बायको जिंकली, आणि जिंकल्यावर बोलायला तिच्याकडे एकच शब्द! त्याला त्याचाही राग आला.

चौकट मुलाने ओतली. ओतारी भिंतीला टेकून उभा होता. लाल धार साच्यात अखंड उतरली, कुठे तुटली नाही, कुठे उडाली नाही. त्याला फार वाईट वाटलं. डोळे भरून आले, पण भट्टीचा धूर होता, निभावून गेलं. त्या दुपारी जेवून तो आडवा झाला तो थेट संध्याकाळी उठला. कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती. अंगातून कुणीतरी पोतं उतरवून नेल्यासारखं वाटत होतं, आणि त्या सुखाची त्याला लाजही वाटत होती.

चौकट घासूनपुसून आठ दिवसांनी तो बाईंकडे पोचवायला गेला. त्या चौकट मोजत होत्या, तोवर त्याचं लक्ष फळीकडे गेलं. तिथे जुन्या काचा होत्या. एकीत बाईमाणसाच्या पंजाएवढं काळं भोक, दुसरीत तान्ह्या मुलाच्या पावलाएवढं.

त्याने विचारलं. बाई हसल्या. पंजा त्यांचा स्वतःचाच होता, पाऊल त्यांच्या झोपलेल्या भाचीचं. या सगळ्या फसलेल्या काचा म्हणून त्यांनी बाजूला टाकल्या होत्या.

"जिवंत माणूस यात येतच नाही, काका. नाडी चालते ना, तेवढं हलणंही पुरतं. तुमच्या काचेत तर मला ते भोकच हवं होतं."

ओतारी स्टुलावर बसला. म्हणजे हात थरथरला नव्हता. आता घरी जाऊन सांडशी परत मागितली असती, तर कुणाची ब्र काढायची हिंमत झाली नसती. त्याने हात डोळ्यांसमोर धरला. भट्टी आठवली, गुडघे आठवले. मग हात हळूच मांडीवर ठेवला.

"बाई, एवढं एक करा. हे आमच्या घरी बोलू नका. हिच्या कानावर तर अजिबात नको."

बाईंनी चौकट खाली ठेवली.

"पण काकूंना ठाऊक आहे. मी तर नुसती मूस आणि सांडशीच घेणार होते. जिवंत हात यात येतो का, असं मी तुमच्या घरी आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनीच मला विचारलं. नाही येत म्हटल्यावर म्हणाल्या, मग ह्यांचा हातच घ्या."