पत्र्याचे डबे

दोनाचा पाढा संपवून मुलं श्वास घ्यायला थांबली आणि नेमकी तेवढ्यात आतून करकर ऐकू आली.

“बाई, आत सुतार आलाय का?” पुढे बसलेल्या मुलीने विचारलं.

शालनने हो म्हटलं आणि तिनाचा पाढा मोठ्याने म्हणायला सांगितला. पोरं घसा ताणून म्हणू लागली तशी ती आत गेली. मागच्या गॅलरीत, भिंतीकडच्या निळ्या टबाला सुपारीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून एक नाक बाहेर आलं होतं. तिने भोकावर फरशीचा तुकडा लावला, तो पायाने दाबून धरला आणि तिथूनच पाढ्यातली चूक दुरुस्त केली.

तिचा नवरा रंगनाथ पेस्ट कंट्रोलचा धंदा करायचा. शनिवार पेठेतल्या घरांतली ढेकूण-झुरळांची कामं असायची, पण घर चालायचं ते खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कामावर. तिथे उंदरांनी छतातल्या वायरी कुरतडून एकदा सगळं ऑफिस बंद पाडलं होतं. रंगनाथने त्यांचा असा बंदोबस्त केला की आता त्या इमारतीत औषधालाही उंदीर सापडत नव्हता. शालनला याचा फार अभिमान होता. करार या महिन्यात संपत होता आणि पुढचा द्यायचा की नाही, हे तिथले साहेब ठरवणार होते. ते काम गेलं तर पुणं सोडून अमरावतीला, दिराच्या दारात जाऊन राहायचं. तिथे तिला कोणी ‘बाई’ म्हणणार नव्हतं.

गॅलरीतले उंदीर याच कामासाठी होते. नवं औषध आधी घरी यांच्यावर बघायचं आणि मगच साहेबांच्या इमारतीत टाकायचं, असं रंगनाथ सांगायचा. शालनला ते पटलं होतं. मुलांना नवा धडा द्यायच्या आधी आपणही तो घरी वाचून बघतोच की.

पण उंदीर टबात राहतील तर ना. पहिले पातळ टब त्यांनी पापडासारखे खाल्ले. रंगनाथने जाड आणले, तेही फोडले. मग त्याने पाण्याचं प्लास्टिकचं पिंप कापून आणलं, तर त्याच्या बुडाशीही दातांच्या खुणा उमटल्या. दर वेळी रंगनाथ भोकाशी उकिडवा बसायचा आणि कडेवरून बोट फिरवायचा. पळालेला उंदीर पकडला की भिंतीकडच्या टबात टाकायचा; बाकीचे खिडकीकडच्या टबांत राहायचे. पत्र्याचे डबे आणू या, असं शालनने सुचवून पाहिलं. पत्रा गंजतो, एवढंच तो म्हणाला. माणूस आधीच काळजीने खंगलाय, त्यात आपण कशाला भर घालायची, म्हणून तिनेही विषय वाढवला नाही.

त्या दिवशी शिकवणी सुटली आणि खालच्या मजल्यावरचे घरमालक शरच्चंद्रकाका वर आले. आत न येता दारातच उभे राहिले.

“रंगनाथराव नाहीत वाटतं. मग आपणच ऐका. काल आमच्या जिन्यात एक गृहस्थ भेटले. राखाडी अंगरखा, लांब मिशा. आपल्याकडूनच खाली येत होते.”

शालनने आतलं दार ओढून घेतलं.

“भाड्यात आम्ही फक्त माणसं धरली आहेत, बाकीच्यांचं वेगळं बोलावं लागेल. आणि उंदीर मारणाऱ्याच्या घरात उंदीर, ही बातमी पेठेत राहत नाही हो. लांब जाते.”

ते गेले. बातमी खराडीला पोचली आहे, साहेब हसताहेत, रंगनाथ मान खाली घालून उभा आहे, हेच सारखं तिच्या डोळ्यांपुढे येत होतं.

दुसऱ्या दिवशी रंगनाथ साहेबांना भेटायला गेला. शिकवणीला सुट्टी होती. शालन थेट मार्केट यार्डात गेली आणि एका व्यापाऱ्याकडून तेलाचे रिकामे डबे घेऊन आली. रिक्षात ते असे खडखडत होते की रस्ताभर लोक वळून बघत होते. घरी येऊन तिने खिळा-हातोडी घेऊन हवेसाठी बारीक भोकं पाडली, नवऱ्याचे जाड हातमोजे घातले आणि देवाचं नाव घेऊन टबाचं झाकण काढलं.

आधी माद्या आणि त्यांची उघडीवाघडी गुलाबी पिल्लं हलवली, मग मोठे उंदीर. एक तिच्या कोपरापर्यंत चढला तेव्हा ओठ घट्ट मिटून तिने किंकाळी गिळली. डबे टबांपेक्षा कमी होते. म्हणून भिंतीकडचे आणि खिडकीकडचे तिने सगळे एकत्रच घातले. वरून जाळी तारेने आवळली आणि फुटके टब भंगारवाल्याला देऊन टाकले.

मग ती कान देऊन बसली. दात पत्र्यावर घासले, घसरले, पुन्हा घासले. हळूहळू सगळं शांत झालं. कितीतरी दिवसांनी ती बसून चहा प्यायली.

संध्याकाळी रंगनाथ आला, तेव्हा ती हसत त्याला गॅलरीत घेऊन गेली. तो डब्यांकडे बघत राहिला. एकाची जाळी सोडून आत पाहिलं, मग दुसऱ्याची.

“भिंतीकडचे कुठल्या डब्यात आहेत?”

तिने सगळं सांगितलं. उंदीर तो उंदीर, त्यात काय निवडायचंय, असंही म्हणाली. मग अंधाराला भ्यालेल्या मुलाची समजूत घालावी तशी ती त्याची घालू लागली. आता एकही बाहेर पडणार नाही, बातमी कुठेही जाणार नाही, साहेब करार देतीलच.

रंगनाथ खाली बसला.

“साहेबांनी नाही म्हटलं, शालन. उंदीरच उरले नाहीत, मग तुम्ही कशाला, म्हणाले. हे होणार ते मला माहीत होतं.” त्याचा आवाज अगदी हळू होता. “म्हणून तर उद्या त्यांच्या छतात सोडायला पक्क्या दातांचे वेगळे काढून ठेवले होते मी. आता यातले ते कोणते?”