पंधरा सेकंद

फोटोत घड्याळजींचा उजवा हातच नव्हता.

बाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि कॅमेऱ्याचा पडदा नाकाशी धरला. दुकानावरची पाटी अक्षर न् अक्षर वाचता येत होती. काचेमागे टेबल होतं, टेबलावर दिवा होता, दिव्याखाली मान वाकवून बसलेला त्यांचा नवरा होता. त्याच्या डाव्या हातातलं घड्याळ अगदी स्वच्छ आलं होतं. उजव्या बाहीतून मात्र नुसता धूर निघाल्यासारखा दिसत होता, आणि त्या धुरात चिमटाही नाहीसा झाला होता.

“आता काय म्हणावं याला!” रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून बाई स्वतःशीच म्हणाल्या.

कॅमेरा घरी येऊन चारच दिवस झाले होते. शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईंनी निवृत्तीनंतर हे खूळ डोक्यात घेतलं होतं. दुकानाला या आठवड्यात पस्तीस वर्षं होत होती. अंधारात एकटं उजळलेलं दुकान आणि आत कामाला बसलेले घड्याळजी, असा एक फोटो काढून त्यांच्या टेबलामागे लावायचा, एवढीच त्यांची हौस होती. भाचीने फोनवरून सांगितलेले नियम त्यांनी कागदावर उतरवून घेतले होते. स्टँड पक्का लावायचा. फोटो पंधरा सेकंद चालू ठेवायचा. तेवढा वेळ कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही.

पहिला फोटो असाच आला, तेव्हा त्यांनी पलीकडे जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं. त्याने मान वर न करताच निकाल दिला होता.

“बटण दाबताना तुझा हात हलला असेल.”

बाईंना ते पटलं नव्हतं. आपला हात हलला असता तर पाटीही हलायला हवी होती, दिवाही हलायला हवा होता. पण हातांच्या बाबतीत या घरात घड्याळजींचाच शब्द शेवटचा. म्हणून दुसऱ्या खेपेला त्यांनी टायमर लावला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारख्या त्या गप्प उभ्या राहिल्या. मध्येच एक गाडी गेली. फोटोत तिची नुसती लाल रेघ उरली. कुत्र्याला घेऊन एक माणूस दुकानासमोरून गेला, तो तर आलाच नाही, कुत्राही नाही. बाईंनी घाबरून रस्त्याकडे पाहिलं. दोघं कोपऱ्यावर धडधाकट होते.

आणि हात याही खेपेला नव्हता. तिसऱ्याही नाही.

बाईंचं डोकं पार भंजाळून गेलं. त्यांनी स्टँडसकट कॅमेरा उचलला, रस्ता ओलांडला आणि तरातरा दुकानात शिरल्या.

“बघा हो, माणसं गिळतोय हा कॅमेरा! तुमचाही हात खाल्लाय.”

घड्याळजींनी पडद्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांचा उजवा हात आता खिशात होता.

“खराब निघालाय,” ते म्हणाले. “परत करून टाक उद्या.”

“अहो, पण पाटी किती छान आलीये! डावा हात आलाय!”

“असते एखादी खोट नव्या वस्तूत. परत कर म्हणतो ना.”

बाई ऐकेनात. त्यांनी फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला, आणि पुन्हा बुचकळ्यात पडल्या.

“हे आणखी एक! भिंतीवरच्या एकाही घड्याळाला सेकंदकाटा नाही. ते कुठे गेले?”

या प्रश्नावर मात्र घड्याळजी खुलले. पस्तीस वर्षांत इतका चांगला प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“अगं, जातील कुठे? तुझा फोटो पंधरा सेकंद चालू होता ना? तासकाटा, मिनिटकाटा जागचे हलले नाहीत, म्हणून ते उमटले. सेकंदकाटा काही एका जागी थांबला नाही. जे थांबत नाही, ते फोटोत...”

ते तिथेच अडले.

भिंतीवरची घड्याळं टिकटिकत राहिली. बाईंनी फोटोतल्या बाहीकडे पाहिलं, मग खिशाकडे. हल्ली चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. का, तर थंडी आहे. शर्टाचं वरचं बटण बाईंकडून लावून घेत. का, तर काजं घट्ट झालीत. टेबलावर एक नाजूक घड्याळ तीन आठवडे उघडं पडलं होतं आणि त्याचा भाग मिळत नाही असं ते गिऱ्हाइकाला सांगत होते. यातलं काहीच बाईंना नीट कळलं नव्हतं, आणि काहीच त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि हात खिशातून बाहेर काढला. त्याने काढू दिला. बाईंच्या तळव्यावर तो बारीक बारीक थरथरत होता. त्यांनी वरून दुसरा हात ठेवून दाबला, तरी तो आत थरथरतच राहिला.

“सकाळी कमी असतं,” घड्याळजी म्हणाले.

कधीपासून, डॉक्टरला दाखवलं का, मला का नाही सांगितलं, असं सगळं बाईंना एकदम विचारायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच.

“म्हणजे मघाशी माझा हात नव्हता हलला?”

“नाही,” ते म्हणाले. “तुझा नव्हता.”