शेवंतीचा दसरा

"बसू देऊ नका तिला! चालवा!" जगदेवराव ओरडले आणि स्वतःच पुढे होऊन त्यांनी दोर ओढला.

शेवंती पुढचे पाय दुमडत होती. मान वळवून वळवून आपल्याच पोटाकडे बघत होती. दुपारपासून ते तिला सोसायटीच्या अंगणात फिरवत होते. स्वतः बहात्तर वर्षांचे.

उमेदीची वर्षं त्यांनी बडोद्याच्या संस्थानी पागेत काढली होती. कारेलीबागेत आता सगळ्यांच्या दारात मारुती आल्या, यांच्या दारात मात्र घोडीच. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, शेजारची चार घरं तिला घास भरवायची. यंदा मागच्या बाजूला फ्लॅट उभे राहिले होते. नवी माणसं हौसेनं ताटं घेऊन आली. मराठी घरांतून पुरणपोळ्या, गुजराती घरांतून जलेबी. सणासुदीला नाही कसं म्हणायचं, म्हणून जगदेवराव गप्प राहिले.

तीच माणसं आता कंपाउंडला टेकून उभी होती.

"काका, मी एकच पोळी दिली हो," नव्या फ्लॅटमधली अवंती रडवेली झाली होती. तिचा नवरा स्कूटर घेऊन जनावरांच्या डॉक्टरांना आणायला पादऱ्याला गेला होता. सुट्टी म्हणून डॉक्टर त्या गावी सासरी गेलेले, आणि तिथे फोन नव्हता.

"मी पण जराशीच जलेबी दिली," नीराबेन म्हणाल्या. "उलटी झाली तर बरं वाटेल ने, काका?"

"घोड्याला उलटी होत नाही, बेन. आत गेलं ते गेलं."

पाचच्या सुमाराला शेवंती कोसळली. दोनदा लोळली, धडपडत उठली आणि एकदम स्थिर झाली. पाय आपटणं थांबलं. पोटाकडे बघणं थांबलं.

"जुओ ने काका, शांत थई गई!" नीराबेन आनंदानं ओरडल्या.

टाळ्या वाजल्या. जगदेवरावांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहून कितीतरी वेळानं हसल्या. जगदेवरावांनी घोडीचा ओठ वर करून हिरडी पाहिली. निळसर झाली होती. कान गार पडले होते.

तेवढ्यात डॉक्टर आले. बराच वेळ पोटाला नळी लावून ऐकत राहिले.

"पोट आतून फाटलं ना?" जगदेवरावांनी हळूच विचारलं.

"हो. म्हणून कळ थांबली. आता काही करता येणार नाही, आणि पुढचे दोन तास फार वाईट जातील. इंजेक्शन देऊन सोडवतो तिला."

अवंती आपट्याची पानं घेऊन जवळ आली. जगदेवरावांच्या हातात सोनं देऊन ती वाकली.

"वाचली ना हो, काका? मला तर वाटलं, माझ्याच पोळीनं..."

"वाचली. जा आता, सोनं वाटायला निघा सगळ्या. हिला जरा निजू दे."

माणसं हसत-बोलत पांगली. कमलाबाईही दिवा लावायला आत गेल्या. जगदेवरावांनी शेवंतीच्या मानेवर हात ठेवला.

"आता द्या, डॉक्टर. आणि कोणी विचारलं, तर वय झालं होतं म्हणा."

शेवंती जेमतेम नऊ वर्षांची होती.