कोमट पाणी

“पाणी उकळल्याशिवाय बाळाच्या ओठाला लावायचं नाही हं, वहिनी!” घरोघरी फिरणाऱ्या नर्सबाईंनी बजावलं होतं. तरी बाळ जुलाबांनी गेलं. आज त्या आल्या, तेव्हा आई रिकाम्या पाळण्याशी बसलेली. “देवाशपथ, ताई, रोज खळखळून उकळलं. फक्त जीभ पोळू नये म्हणून कळशीतलं गार पाणी घालून कोमट करायचे.” नर्सबाईंना उमगलं, बाळ त्या कच्च्या पाण्यानंच गेलं. सांगावं तर माउली कोसळेल. न सांगावं तर भिंतीपलीकडे जावेचं तान्हं रडत होतं. “उकळलेलं झाकून निवू द्यायचं, कच्चं मिसळायचं नाही. मीच सांगायला विसरले, वहिनी.” आईने पाळण्याची दोरी घट्ट धरली. मग म्हणाली, “जावेलाही मीच शिकवलंय तसं.” “मी सांगते तिला.” “नको. तुमच्यापुढे ती नुसती मान डोलावते. माझं ऐकेल आता. मीच सांगेन.” दोरी सोडून ती जावेच्या दाराकडे निघाली.