मीटरचं चाक

सगळे दिवे, पंखे, पंप बंद केले तरी मीटरचं चाक फिरतच होतं. गोगलगाईच्या चालीने, पण फिरत होतं.

प्राचार्या हर्मिनिया त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होती. फिलिपाइन्समधल्या सेबू शहरातल्या त्या कम्युनिटी कॉलेजची जुनी इमारत नव्याने उभी राहिली होती. जुन्याच लाकडाची दारं, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, छपरावर सौर पॅनेल. वायरिंग ते शिकवणाऱ्या सेल्सोसरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. सगळं बंद केल्यावर चाक थांबलं, म्हणजे वायरिंगमध्ये कुठे गळती नाही असं ठरलं, तर पुढच्या इमारतींचं कामही याच मुलांना मिळणार होतं. नाहीतर बाहेरचा कंत्राटदार. नगरपालिकेचे तपासनीस शेजारीच उभे होते.

"सगळं म्हणजे सगळं बंद," तिने सकाळीच बजावलं होतं. कँटीनवाली फ्रिजमधल्या मासळीसाठी गयावया करत होती, तिलाही तिने दाद दिली नाही.

सेल्सो एकेक खोली तपासत शेवटी तिच्या केबिनमध्ये गेला. तिथे कोपऱ्यात सान्तो निन्यो, म्हणजे बाळ येशू, आणि त्याच्यापुढे तांबडा दिवा. मुलाचं, रेनान्तेचं, जहाज बेपत्ता झालं त्या दिवशी तिने तो लावला होता. पोरगा उंबऱ्यात उभा राहीपर्यंत दिवा लागलेलाच राहणार, असा नवस. रेनान्ते सेल्सोचा धर्मपुत्र.

दारातून तिला सेल्सोची पाठ दिसली. तो क्रूसाची खूण करत होता. याला प्रार्थना नेमकी आत्ताच सुचावी, याचा तिला संताप आला.

"काय सापडलं?" तो बाहेर येताच तिने विचारलं.

"काही नाही, कुमारे." पोराच्या बाप्तिस्म्यात तो धर्मपिता झाला तेव्हापासून, धर्मपुत्राची आई म्हणून, तो तिला अशीच हाक मारायचा. "माझ्याच कामात खोट राहिली असेल. माझ्या नावावर घाल."

"कुमारे घरी. इथे मॅडम," ती मुलांदेखत म्हणाली. "इतक्या पोरांच्या पोटावर पाय आणलात तुम्ही."

 त्याच आठवड्यात राजीनामा देऊन तो मुलीकडे दावाओला निघून गेला. हर्मिनिया बंदरावर गेली नाही. बोट सुटल्याचा भोंगा कॉलेजपर्यंत ऐकू आला, तेव्हा मात्र तिला भरून आलं. जहाज बेपत्ता झाल्याची बातमी आली त्या रात्री आपल्या उशाशी बसून राहिलेला माणूस, आणि आपण त्याला चारचौघांत काय बोललो! पण चूक त्याची होती, एवढं तिने मनाशी घट्ट धरून ठेवलं.

रविवारी संध्याकाळी ती एकटीच आली. सोमवारपासून बाहेरचा कंत्राटदार वायरिंगमधली खोट शोधायला भिंती फोडणार होता. सेल्सोची खोट निदान आपल्या डोळ्यांनी पाहावी, म्हणून तिने एकूण एक बटण स्वतः बंद केलं. चाक फिरतच होतं.

थकून ती केबिनमध्ये आली आणि खुर्चीत बसली. बाहेर अंधारलं होतं, आतही काळोख हवा होता. पण कोपऱ्यात बाळ येशूचा चेहरा तांबडा उजळला होता, आणि त्याच्या पायाशी एक बारीक वायर भिंतीतल्या बिनबटणाच्या प्लगपर्यंत गेली होती.