उकळून केलेली तपासणी

"टीबीचे जंतू सापडले नाहीत," प्रयोगशाळेतली मनाली म्हणाली आणि तिनं कागद कोकिळापुढे धरला. कोकिळानं तो घेतलाच नाही. तिच्या कडेवर पाच महिन्यांची छकुली होती. नवरा गोकुळ चार हात लांब, दाराशी, तोंडाला रुमाल बांधून उभा.

खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या गोकुळला महिनाभर खोकला होता. तेव्हापासून त्याचं ताट वेगळं, खाट ओसरीत. बिचारा लेकीला दारातूनच पाहायचा.

"काल तुमीच म्हनल्या ना, यंत्रात थुंकी तापोते म्हनून?" कोकिळानं विचारलं.

"हो. जवळजवळ उकळीपर्यंत."

"मंग जंतू मेले असतीन! कडक दुधात इरजन टाकलं तं दही लागते काय? सापडतीन कुठून?"

घरी म्हैस असलेल्या बाईचा हा प्रश्न. तो हसण्यावारी नेणं मनालीला जमलं नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"ताई, जंतू मेला तरी त्याचा डीएनए उरतो. आम्ही तोच शोधतो. त्याचे दोन पदर असतात, ते सुटे करायला दर फेरीला तापवावं लागतं. मग एक एन्झाइम त्यांच्या नकला करतं."

"अन् ते नाही मरत?"

"साधं असतं तर मेलं असतं. दर फेरीला नवं टाकत बसावं लागलं असतं. हे मूळचं गरम झऱ्यातल्या जंतूंचं, त्याला उकळीचं काहीच वाटत नाही. एकाचे दोन, दोनाचे चार, असं तीस-चाळीस वेळा करत राहतं. जंतूचा डीएनए थोडासा जरी असता, तरी कोट्यवधी नकला होऊन दिसला असता."

"म्हंजे इतकं करूनबी नाही सापडला?"

"नाही सापडला. छातीचा फोटोही डॉक्टरांनी पाहिला. खोकला कापसाच्या धुळीचा आहे."

कोकिळा दाराशी गेली आणि छकुलीला सरळ गोकुळच्या हातात दिलं. त्याला ती कशी धरावी तेच सुचेना. सवय मोडलेल्या पोरीनं भोकाड पसरलं.

"रडून राह्यली ना व! घे तुह्यापाशी," गोकुळ घाबरून म्हणाला.

कोकिळानं हात पुढे केले नाहीत. डोळे मात्र भरून आले होते.

"रडू द्या," ती म्हणाली. "तुमच्यापाशीच रडू द्या."